मागून येणारी माणसं

सकाळी साडेसहाला माझ्या फोनच्या पडद्यावर दोन विमानं होती. एक अंदमानच्या समुद्रावर, हळूहळू दक्षिणेकडे सरकणारं. त्यात आई होती. दुसरं सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उभं होतं. आईला त्यात बसून मेलबर्नला जायचं होतं. पहिलं विमान मुंबईहून दोन तास चाळीस मिनिटं उशिरा निघालं होतं आणि दुसरं वेळेवर सुटणार असं तिथल्या वेळापत्रकात दिसत होतं. मी पुण्यात स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून ते पिवळं चिन्ह बघत होतो. चहा केव्हाच निवला होता. पहिल्या विमानातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की यातल्या एका बाईला पुढचं विमान गाठायचंय. दुसऱ्या विमानातल्या लोकांना तर ती बाई कुठून येतेय याचीही कल्पना नव्हती. हे दोन्ही जाणणारा मी एकटा, आणि मी होतो चार हजार किलोमीटरवर.

ती तिकिटं मीच काढली होती.

धाकटी बहीण मेलबर्नला असते. तिचे दिवस भरत आले होते आणि आई बाळंतपणाला निघाली होती. मे महिन्यात एका रात्री मी तिकिटं बघायला बसलो. एका कंपनीचं मुंबई ते मेलबर्न असं सलग तिकीट होतं, सिंगापूरला विमान बदलून. त्याच्याच खाली दुसरी जोडी होती: मुंबई ते सिंगापूर एका कंपनीचं, सिंगापूर ते मेलबर्न दुसऱ्या स्वस्त कंपनीचं. एकोणीस हजार चारशे रुपयांचा फरक. मधे चार तास दहा मिनिटं. खाली बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे मधला बदल प्रवाशाने आपल्या जबाबदारीवर करायचा. ते मी वाचलं, त्याचा अर्थही मला कळला. पण तो मला माझ्यापुरता कळला. मी पाठीवर एक सॅक टाकून धावत टर्मिनल बदलू शकतो. अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी, इंग्रजी वाचता येणारी पण बोलताना अडखळणारी माझी आई ते कसं करील, हे त्या रात्री माझ्या डोक्यात शिरलं नाही. चार तास दहा मिनिटं म्हणजे भरपूर, असं मी मनाशी म्हटलं आणि पैसे भरले.

आता त्या चार तासांचा हिशेब मांडतो, कारण तो तेव्हा मांडायला हवा होता.

एका तिकिटावर विमान बदलताना जी वेळ लागते तिला धंद्यात मिनिमम कनेक्टिंग टाइम म्हणतात. प्रत्येक विमानतळाचा तो ठरलेला असतो, कुठे पाऊण तास, कुठे दीड. त्यापेक्षा कमी वेळाची जोडणी कंपनी विकतच नाही. पण हा आकडा ज्या प्रवाशासाठी काढलेला असतो, त्याचा पुढचा बोर्डिंग पास आधीच हातात असतो. त्याची बॅग जमिनीखालच्या पट्ट्यांवरून परस्पर दुसऱ्या विमानात जाते. तो त्या देशात शिरतच नाही, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जातो, बस. दोन वेगळी तिकिटं असली की यातलं काहीच उरत नाही. विमानातून उतरायचं, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून पासपोर्टावर त्या देशात शिरायचं, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर पडायचं, दुसरं टर्मिनल असेल तर तिथे जायचं, पुन्हा चेक-इनच्या रांगेत लागायचं, बॅगा द्यायच्या, पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा तपासणी. म्हणजे प्रवास संपवायचा आणि नवा सुरू करायचा. शिवाय गाठायची असते ती विमान सुटायची वेळ नव्हेच. चेक-इनचं काउंटर आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं. माझे चार तास दहा मिनिटं तिथेच तीन तास दहा झाले होते.

त्यातून आईच्या बॅगा. हातातल्या एका पिशवीवर भागलं असतं तर पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या. पण आईने मार्चपासून दोन गोधड्या शिवायला घेतल्या होत्या, स्वतःच्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांच्या. एक बाळाला खाली घालायला, एक पांघरायला. दुपटी, झबली, दोन कुंच्या, मऊ झालेल्या धोतराचे चौकोनी तुकडे. ऑस्ट्रेलियात खाण्यापिण्याचे नियम फार कडक, म्हणून लाडू-बिडू नेऊ नकोस असं बहिणीने बजावलं होतं, तर रिकाम्या झालेल्या जागेत आईने आणखी एक गोधडी कोंबली. तेवीस किलो आणि एकवीस किलो. या दोन बॅगांमुळे तिला सिंगापूर देशात पाऊल टाकणं भाग होतं.

देशात पाऊल टाकायचं म्हणजे परवानगी आली. ते मात्र मी बघितलं होतं. ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला पुढचं तिकीट हातात असेल तर सिंगापूरमध्ये ९६ तास व्हिसाशिवाय थांबता येतं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो इलेक्ट्रॉनिक असतो. म्हणून त्याच्या मंजुरीपत्राच्या तीन प्रती छापून तिच्या पर्समध्ये ठेवल्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आदल्या दिवशी ऑनलाइन भरलं. हे सगळ्यांनाच इतकं सोपं नसतं. ब्रिटनमध्ये आणि युरोपच्या शेंगेन देशांत विमानतळाच्या आतल्या बाजूने बदलणं आणि बॅग घ्यायला बाहेर येणं यांचे नियम वेगवेगळे आहेत. बॅग घ्यायला बाहेर यायचं म्हणजे त्या देशात शिरण्याचाच व्हिसा लागतो. तो नसेल तर माणूस मधल्या विमानतळावर अडकण्याची वेळही येत नाही, त्याला सहारलाच, म्हणजे मुंबईच्या विमानतळावरच, चढू देत नाहीत. चुकीची कागदपत्रं असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो, त्यामुळे काउंटरवरचे लोक याबाबतीत अजिबात ढिले नसतात.

सहारला काउंटरवरच्या मुलीने पुढचं तिकीटही बघितलं. मी विचारलं, बॅगा थेट मेलबर्नपर्यंत टॅग होतील का. ती म्हणाली, “नाही सर, त्या कंपनीबरोबर आमचा करार नाही. मॅडमना सिंगापूरला बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतील.” तिने टॅग गुंडाळले. त्यावर मोठ्या अक्षरांत एसआयएन, म्हणजे सिंगापूर, छापलेलं होतं. आईने विचारलं, “मेलबर्नचं काही लिहिलं नाही का रे त्यावर?” मी म्हटलं, “नाही, तिथे तू दुसरा लावून घे.” ती “बरं” म्हणाली. मी चाकाच्या खुर्चीची व्यवस्था विचारली. ती मुलगी म्हणाली, आमच्याकडून खुर्ची आहे, सिंगापूरला बाहेर पडेपर्यंत. त्यानंतरची दुसऱ्या कंपनीकडे सांगितली आहे ना? मी सांगितली होती. पण पहिली खुर्ची जिथे थांबणार आणि दुसरी जिथून निघणार त्या दोन जागांमध्ये किती अंतर आहे, तिथे आईला कोण नेणार, हे विचारायचं मला त्या काउंटरसमोरही सुचलं नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही पुण्याहून दुपारी तीनला निघालो होतो, बोरघाटात दीड तास गेला होता, तरी वेळेत पोचलो म्हणून मी खुशीत होतो. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या मोठ्या शहराची एवढी उड्डाणं एका पट्टीवरून. जुलैतल्या मुसळधार रात्री वर विमानं घिरट्या घालत राहतात आणि खाली रांग लांबत जाते. अकरा चाळीसचं विमान दोन वाजून वीस मिनिटांनी उडालं. यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मिरज जंक्शनवर नोकरीला होते. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, पण गोव्याकडे जाणारी लाइन पुढे वीसेक वर्षं मीटरगेजच राहिली. शिवाय पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी अडीच फुटी नॅरोगेज होती. तीन मापांचे रूळ एका स्टेशनात. मुंबईहून गोव्याला निघालेला माणूस मिरजेला उतरायचा, फलाट ओलांडायचा आणि छोट्या गाडीत बसून दूधसागरच्या घाटाकडे जायचा. पंढरीला निघालेले वारकरी इथेच गाडी बदलायचे. तेव्हा मिरज हे गावापेक्षा गाडी बदलण्याचं ठिकाण म्हणूनच लोकांना जास्त माहीत होतं. लहानपणी मी अण्णांचा डबा घेऊन स्टेशनात जायचो. फलाटावर ट्रंका, वळकट्या, पाण्याच्या सुरया, आणि त्यांवर बसलेली, दुसऱ्या गाडीची वाट बघणारी माणसं.

मोठी गाडी उशिरा यायची हे नेहमीचंच. अशा वेळी अण्णांच्या खोलीतला काळा फोन वाजत राहायचा. कंट्रोलशी बोलणं व्हायचं आणि गोव्याची गाडी धरून ठेवली जायची. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकदा मला आठवतंय, तासाहून जास्त. त्या गाडीत आधीच बसलेले लोक कंटाळून यायचे, खिडकीशी उभे राहून आवाज चढवायचे. अण्णांचं एकच उत्तर असायचं: “मागून माणसं येतायत.” पुढे काही नाही. आणि बोलणारा माणूस गप्प व्हायचा, कारण कधीतरी तोही मागून येणारा असायचा.

त्या लोकांच्या हातात मुंबईहून गोव्यापर्यंतचं एकच तिकीट असायचं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. जाड पुठ्ठ्याचा तो लहानसा तुकडा. तो एक होता म्हणून मिरजेला त्यांची वाट बघणं हे कुणाचं तरी काम होतं.

विमानाचंही मुळात असंच आहे. तिकिटावर तेरा आकडी क्रमांक असतो, त्यातले पहिले तीन आकडे ते तिकीट कुठल्या कंपनीने दिलं ते सांगतात. एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. एका क्रमांकाखाली दोन-तीन कंपन्यांची उड्डाणं असू शकतात. १ जून २००८ पासून कागदी तिकिटं बंद झाली. त्याआधी चेकबुकासारखी पुस्तिका मिळायची, प्रत्येक टप्प्याला एक कूपन, आणि प्रत्येक विमानतळावर एकेक कूपन फाडून घेतलं जायचं. उरलेली कूपनं हातात दिसायची. पुढचा रस्ता अजून आपल्या नावावर आहे हे हाताला कळायचं. आता सगळं यंत्रात आहे, पण तत्त्व तेच राहिलं. पहिलं विमान उशिरा निघालं की कुठल्या प्रवाशांचं पुढचं विमान चुकणार हे कंपनीच्या पडद्यावर लाल होऊन दिसतं, आणि बऱ्याचदा माणूस अजून हवेत असतानाच त्याला पुढच्या विमानात जागा दिली जाते. तो उतरतो तेव्हा दाराशी त्याच्या नावाची पाटी घेऊन कुणीतरी उभं असतं. गरज पडली तर हॉटेल, जेवण.

आईच्या नावाची पाटी घेऊन कुणी उभं राहणार नव्हतं. दोन्ही कंपन्यांच्या लेखी तिचे दोन स्वतंत्र प्रवास होते. पहिल्या कंपनीने तिला सिंगापूरला सुखरूप पोचवलं, अडीच तास उशिरा का होईना. दुसऱ्या कंपनीसाठी ती वेळेवर न आलेली प्रवासी होती, नो-शो. घरून उशिरा निघालेल्या माणसात आणि तिच्यात त्यांच्या दृष्टीने काहीही फरक नव्हता.

विमान तिथल्या दहा वीसला उतरलं. दुसऱ्या विमानाचं काउंटर दहा पन्नासला बंद होणार होतं. खुर्ची यायला, रांग लागायला, बॅगा यायला वेळ गेला. अकरा वीसला अनोळखी नंबरवरून फोन आला. “सर, युअर मम्मी इज विथ मी. शी इज ओके.” खुर्ची ढकलणाऱ्या बाईंचा फोन होता. त्यांचं काम बाहेरच्या दारापर्यंत होतं, तिथे त्यांनी आईला सोडलं आणि आईने पुढचं तिकीट दाखवलं. ते बघून त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्यांनी आपल्या फोनवरून मला फोन लावला, मग आईकडे दिला. आई म्हणाली, “अरे, चुकली वाटतं गाडी.” गाडीच म्हणाली ती. मला बोलवेना. ती म्हणाली, “तू काळजी करू नकोस. बॅगा दोन्ही आहेत माझ्यापाशी. इथे स्वच्छ आहे सगळं.”

बारा वाजायला दहा मिनिटं असताना पडद्यावरचं दुसरं विमान हललं. मी ते धावपट्टीकडे जाताना बघत राहिलो. त्याला थांबवायला सांगता येईल असा एकही नंबर माझ्याकडे नव्हता. मुळात कुणाला सांगायचं आणि काय म्हणून?

रात्री साडेनऊचं तिकीट मिळालं, एकतीस हजारांचं. म्हणजे वाचवलेले एकोणीस हजार गेलेच, चुकलेल्या तिकिटाचेही गेले, वर आणखी. पैशाबद्दल एवढंच. मेलबर्नला बहीण रात्री सव्वानऊला विमानतळावर जायला निघणार होती, आठव्या महिन्याची, तिथल्या जुलैच्या थंडीत. तिला सांगितलं की आता सकाळी सातला. ती आधी घाबरली, मग माझ्यावर चिडली, मग रडली. ती म्हणाली, “दादा, मला विचारलं असतंस तर फरकाचे पैसे मी घातले असते.” या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आई जवळजवळ सात तास त्या बाहेरच्या हॉलमध्ये बसली. सिंगापूरचं विमानतळ लोक बघायला जातात म्हणे, आतमध्ये धबधबा आहे, झाडं आहेत. आईने दोन बॅगा आणि एक खांबाजवळचा बाक एवढंच बघितलं. बॅगा सोडून उठायचं कसं? पाणी प्यायचं टाळलं, कारण स्वच्छतागृहात जायचं तर बॅगा कुणाच्या भरवशावर ठेवायच्या. हे तिने मला तेव्हा सांगितलं नाही, दोन महिन्यांनी बहिणीला सांगितलं. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, विमानात खायला दिलेली. ती तिथे बसून खाल्ली. दर तासाला मी फोन करायचो. आई दरवेळी मलाच विचारायची, तू जेवलास का.

त्या बाई दुपारी तीननंतर परत आल्या. त्यांची पाळी संपली होती. त्यांनी आईला चहा आणून दिला, बॅगांपाशी स्वतः बसल्या, आईला म्हणाल्या जाऊन या. त्या तमिळ होत्या. आई मिरजेची, तिला कन्नड बऱ्यापैकी येतं. एकीचं कन्नड, दुसरीचं तमिळ, मधे हिंदी सिनेमातले शब्द, असं त्यांचं दोन तास बोलणं झालं. त्यांना किती मुलं, कुठला मुलगा काय करतो, सुनेशी कसं आहे, हे सगळं आईला माहीत आहे. नाव विचारायचं मात्र राहिलं. सहाला दुसऱ्या कंपनीचं काउंटर उघडलं तेव्हा त्यांनी आईला तिथे नेऊन, तिथल्या मुलीला सगळं समजावून, खुर्ची मागवून दिली. मग घरी गेल्या.

पुढचे काही आठवडे मी रात्री बसून कायदे वाचत होतो. आपली चूक नेमकी किती मोठी होती ते मोजावंसं वाटत होतं बहुधा. युरोपात एक नियम आहे, २००४ चा, २६१ क्रमांकाचा. तिथून निघालेला प्रवासी शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचला तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. जोडउड्डाणांनाही मिळते, पण ती एकाच बुकिंगमध्ये असली पाहिजेत. २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयासमोर स्टुटगार्टहून झ्युरिक, फिलाडेल्फिया करत कॅन्सस सिटीला जाणाऱ्या प्रवाशाचं प्रकरण आलं. त्यात कंपन्यांचा आपसात काही संबंध नव्हता, पण ट्रॅव्हल एजन्सीने सगळ्याची एकच किंमत घेऊन एकच तिकीट दिलं होतं. न्यायालय म्हणालं, मग हा एकच जोडप्रवास. म्हणजे तिथेही गाडी शेवटी ‘एक तिकीट’ या शब्दांपाशीच येऊन थांबते.

विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार आपल्याकडे २००९ पासून लागू आहे. त्यात एक कलम मला अनपेक्षित सापडलं. अनेक कंपन्यांनी मिळून नेलेला प्रवास दोन्ही पक्षांनी एकच व्यवहार मानला असेल, तर तो एका करारात असो वा करारांच्या मालिकेत, त्याला अखंड प्रवास समजावं. ते मी तीनदा वाचलं. आईच्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता. तो प्रवास अखंड मानणारी फक्त आमच्या घरातली माणसं होती. विम्यातही उशीर सहा तासांच्या वर असेल तरच, असं होतं.

आणि मग, वाचता वाचता, आपल्या रेल्वेपाशी आलो. १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेने दोन वेगवेगळी पीएनआर एकमेकांना जोडायची सोय केली आहे. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापून न घेता परत मिळतात. गाडी धरून ठेवत नाहीत, पण निदान दोन तिकिटांच्या मागे एकच माणूस आहे हे कागदावर मान्य केलेलं आहे. जगातल्या पुष्कळ विमान कंपन्यांची यंत्रं आज एकमेकांशी बोलू शकतात. कुठली बॅग कुठल्या पट्ट्यावर आहे ते कळतं. ‘माझ्याकडे पुढचं हे तिकीट आहे’ एवढं पहिल्या कंपनीला सांगायची, आणि तिने ते दुसरीला कळवायची सोय होऊ नये, हे मला मुळीच पटत नाही. वाट बघा असं कुणी म्हणत नाही. पण मागून माणूस येतोय, हे माहीत तर असू द्या.

वेगळी तिकिटं काढूच नयेत असं मी म्हणणार नाही. आपल्याकडून परदेशी शिकायला जाणाऱ्या पोराला पन्नास हजार वाचत असतील तर ते पन्नास हजार खरे असतात, आणि मी एकट्याने जाताना अजूनही असं जातो. मधे एक अख्खी रात्र ठेवतो. दोन्ही उड्डाणं एकाच विमानतळावरून आहेत ना ते बघतो, कारण इस्तंबूलला एक विमानतळ युरोपात आणि एक आशियात आहे, लंडनला तर पाच-सहा आहेत. दुसरं तिकीट जाण्यायेण्याचं एकत्र असेल तर जास्तच जपतो, कारण जाताना नो-शो झालो की येण्याचंही बहुधा रद्द होतं. आणि बॅग विमानाच्या पोटात देत नाही, हातातच ठेवतो. पण हे सगळं स्वतःसाठी. म्हाताऱ्या माणसासाठी, लहान मूल घेऊन निघालेल्या बाईसाठी, पहिल्यांदा देशाबाहेर पडणाऱ्यासाठी मला कुणी विचारलं तर मी सांगतो, दुसरीकडे कुठेतरी काटकसर कर. ओळखीतल्या दोघांची बुकिंगं मी रद्द करायला लावली आहेत. त्यातले एकजण माझ्यावर अजून नाराज आहेत.

भाची ऑगस्टच्या अकरा तारखेला झाली. गोधडीचे फोटो आले. आई डिसेंबरमध्ये परत आली, मेलबर्न ते मुंबई एका तिकिटावर. बहिणीने तिथल्या काउंटरवरून बॅगेच्या टॅगचा फोटो पाठवला, त्यावर मोठ्या अक्षरांत बीओएम, म्हणजे मुंबई, होतं. आईने रव्याचे वीस लाडू करून डब्यात भरून आणले होते, पिशवीत वरच ठेवलेले. सिंगापूरच्या त्या बाईंसाठी. विमानातून उतरल्यावर खुर्ची घेऊन एक मुलगा आला. आईने त्याला खाणाखुणांनी सांगितलं की मला बाहेरच्या हॉलमध्ये जायचंय, पाच मिनिटं. तो म्हणाला, तुमचं पुढचं विमान आहे, तुम्हाला आतूनच जायचं, बाहेर जाता येत नाही. त्याने त्या बाईंचं वर्णनही ऐकून घेतलं, तमिळ, जाड भिंगांचा चष्मा, दोन मुलगे. पण तिथे खुर्च्या नेणारी पुष्कळ माणसं आहेत. त्याने तिला सरळ गेटवर आणून सोडलं, विमान सुटायला दीड तास बाकी असताना.

मी सहारला घ्यायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर आईने डबा काढून मांडीवर ठेवला आणि झाकण उघडून बघितलं. निम्मे लाडू फुटले होते. “घे,” म्हणाली, “तुला भूक लागली असेल.”